एक वाजून दहा

तळवलीकर साहेब खुर्ची ओढून बसले,
ईस्टरला आठवणीनं श्रीखंडाचा डबा पाठवणारे.
म्हणाले, सिस्टर, रिपोर्ट नीट झालाय,
फक्त दोन जागी ‘असावा’ घाला.
पेशंट साडेअकराच्या सुमारास आला असावा.
त्याला आधीपासून काही त्रास असावा.
एका ‘असावा’नं कुणाचं काय बिघडतं?

बाहेर सित्राच्या तेलटाक्या,
त्यांच्याकडे पाहिलं की डोळे आपोआप मिटतात.
समुद्र इतका जवळ की चष्म्यावर वाफ धरते,
वारा मात्र नाही.
कुंपणावर चार भाषांत फलक:
बारा ते चार उन्हात काम बंद.
मराठीत नाही. मराठी इथे आम्ही दोघंच बोलतो.

मिरजेला शिकताना मेट्रन भांबळबाई
आमच्या चार्टवर लाल पेन्सिल फिरवायच्या.
मी लिहिलं होतं, रात्री झोप बरी लागली असं वाटतं.
कुणाला वाटतं? तुला?
मग ड्यूटीवर तू झोपली होतीस का गं?
पाहिलं ते चार्टवर. वाटलं ते होस्टेलवर ने.

तर, पाहिलेलं.
कोमरय्या, वय चौतीस, फिटर.
अंग कोरडं, घामाचा थेंब नाही.
ताप एक्केचाळीस पूर्णांक तीन.
मला आधी अक्का म्हणाला,
मग कुठल्याशा दुसऱ्याच नावानं हाक मारली.
वेळ एक वाजून दहा.

कशावरून?
भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे पळतं, ते धरलेलं नाही.
पण माझी वही ओळीनं चालते.
त्याच्या वरच्या ओळीत एक वेल्डर,
डोळ्यात कण, बारा पंचावन्न, शाईचा अंगठा.
खालच्या ओळीत स्वयंपाक्याचं भाजलेलं बोट,
एक पंचवीस, सही.
या दोघांच्या मध्ये साडेअकरा बसत नाहीत, साहेब,
कितीही पोट आत घेतलं तरी.
शिवाय बर्फाच्या दोन पिशव्यांची पावती,
तिच्यावर मशीननंच छापलंय: एक चौदा.

खोडलेलंही सांगते.
चौघांनी त्याला उचलून आणलं तेव्हा
प्रत्येकाची सावली त्याच्या पायाखाली गोळा झाली होती.
हे वाक्य मला फार आवडलं होतं.
पण जुलैत सित्राला पावणेबारालाही
सावली पायाखालीच असते.
सुंदर होतं, सिद्ध काही करत नव्हतं. खोडलं.

यांनी माणूस मारायला काढला होता,
हे इतक्या जोरात लिहिलं की कागद फाटला.
पुरावा काय, तर माझा राग.
पान बदललं.

आणि आधीचा त्रास?
माहीत नाही.
तेच लिहिलंय, माहीत नाही,
बाकीच्या ओळींइतक्याच ठळक अक्षरात.
खाली मार्चमधल्या तपासणीचा कागद जोडलाय.
‘उन्हातील कामास योग्य’,
त्याखालची सही तुमचीच आहे.

साहेबांनी कागद उलटा केला,
मागे काही आहे का पाहिलं.
मागे काही नव्हतं.
एसी थोडा वेळ घरघरला.
मग म्हणाले, सिस्टर, याचे परिणाम होतील.

होतील.
असावेत नाही, बहुधा नाही, वाटतं नाही.
एवढ्या वर्षांत त्यांचं पहिलंच धड वाक्य ऐकलं मी.
मीही मग खाली पूर्ण नाव घातलं,
मार्था योसेफ सोनटक्के, आद्याक्षरं नाहीत,
आणि वेळ.

संध्याकाळी कॅम्पमधली पोरं दाराशी येऊन विचारतात,
अक्का, त्याची किडनी परत चालू होईल ना?
वहीत याला रकाना नाही.
मी दार लावते, चावी खिशात टाकते,
आणि ते सगळं
रूमवर नेते.