दहा तास
बटण केव्हाच तुटलंय; आर्लेत पकडीनं फिरवते,
‘लो’वर. दहा तास.
कालपासून भिजलेले घेवडे, काकवी, मोहरी,
खारवलेल्या डुकराचा तुकडा, आणि सालासकट अख्खा कांदा.
सासू असाच घालायची. का, ते विचारायचं राहून गेलं.

रमफर्डला शनिवार, खिडकीच्या चौकटीपर्यंत बर्फ.
नवरा कागदगिरणीत, थोरली पेट्रोलपंपावर,
आणि ल्यूसियाँ
मंगळवारपासून दार लावून. बोलणं बंद.

या घरात जो तो आपापल्या वेळेला जेवतो.

रात्रपाळीहून येते, कोट न काढताच झाकण उचलते.
चष्म्यावर वाफ.
पुसून बघते:
कडेला खड्डा, पार बुडापर्यंत.
मांसाचा तुकडा गायब.
ओट्यावर चमचा, काकवीनं घट्ट चिकटलेला.

लगेच नाही धुवत ती.