धाकटीचा सिरका

ईझिदे जन्मली तेव्हा बाबांनी माळ्यावर पाच पिंपं मांडली.
ओक, चेस्टनट, चेरी, तुती,
आणि शेवटचं जुनिपरचं, कुशीत मावेल एवढं.
मी जन्मले त्या साली पानारो नदी अंगणात शिरली होती,
लाकूड घ्यायला पैसे नव्हते.
पुढच्या वर्षी बघू, म्हणाले बाबा.
पुढचं वर्ष आमच्या घराचा पत्ता विचारत कधी आलं नाही.

तिच्या वाटणीचा रस उघड्या कढईत रात्रभर आटला,
काकवीसारखा काळा झाला,
मग या पिंपातून त्या पिंपात, थेंबाथेंबाने म्हातारा.
लग्नात तिच्या मागोमाग पाचही पिंपं गेली,
आख्खी गल्ली दारात उभी राहून वास घेत होती.
माझ्याबरोबर ताटं गेली. सहा, गडद निळी.
एक वाटेतच फुटलं.

मी आपला दुकानातला आणते, फिकट,
वाळल्या गवताच्या रंगाचा.
तोही त्रेब्बियानो द्राक्षाचाच. वेल तीच, उतारही तोच.
फक्त त्याला झाकणाखाली धीराने तापवतात,
करपू देत नाहीत,
लाकडाशी फार सलगी करू देत नाहीत.
ईझिदे त्याला पाणी म्हणायची.
"नीवेस, तुझं ते पाणी माझ्या ताटात नको."
चाळीस वर्षं नाही घातलं.

आज नोव्हेंबरचं धुकं, समोरचं चर्चसुद्धा गिळलेलं.
लेआर्को आईला पायरीपर्यंत सोडून गेला.
तिच्या नजरेचा मधला भाग गेलाय, कडा तेवढ्या शाबूत.
मला बघायचं असलं की
ती दाराच्या चौकटीकडे बघते.
मागच्या रविवारी फोनवर म्हणाली,
अगदी हळू, कुणाची चुगली करावी तसं:
"ते काळे थेंब मला ताटाला पडलेली भोकं वाटतात गं.
काटा घालायची भीती वाटते."

म्हणून हे छोटे चपटे कांदे,
सोलताना दोनदा डोळे पुसले, त्यात सगळाच दोष कांद्यांचा नव्हता.
लोणी वितळलं की लगेच आच मंद.
तपकिरी झालं तर संपलंच.
चिमूट मीठ, चमचाभर साखर, पळीभर पाणी,
आणि मग ते माझं पाणी.
वाफ थेट नाकात गेली,
आधी आंबट, मागून हिरव्या सफरचंदासारखी गोड.
झाकण ठेवलं. वीस मिनिटं मी काहीच केलं नाही,
खिडकीवरच्या दवात बोटाने रेघा ओढत बसले.

कांदे मऊ झाले, पण रंग बदलला नाही त्यांनी,
दुधाच्या दातांसारखे राहिले.
गॅस बंद करून वर अजून चार थेंब, कच्चे.
वाढले त्या निळ्या ताटात.
बाबांना वाटलंही नसेल
हे ताट कशाच्या उपयोगी पडेल ते.

ईझिदेने मान तिरकी केली.
दाराकडे बघत बघत मोजायला लागली,
"एक. दोन. हा तिसरा. कडेला अजून एक आहे, लपलाय."
सात झाले तेव्हा तिने काटा उचलला.

चवीबद्दल काही बोलली नाही.
बाटली हातात घेऊन दिव्यासमोर धरली, कानाजवळ हलवली,
कुठल्या दुकानातली, ते विचारलं,
आणि किंमत ऐकून हसली.
मग पर्समधून एक कुपी काढली,
जुनिपरच्या पिंपातली, तिच्याच वयाची,
माझ्यासाठी आणलेली.
टेबलावर ठेवली. म्हणाली, "घे. आता मला काय करायचीय."
मी घेतली नाही, नकोही म्हणाले नाही.
ती तिथेच मिठाशेजारी उभी राहिली.

शेवटी तिने पावाचा तुकडा मोडून ताट पुसायला घेतलं.
पुसलं, पुन्हा पुसलं.
डाग कुठेच नव्हता.
तरी पुसत राहिली.