निवडणारी

उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी कागद वाटले:
आपापलं कृपादान लिहा.
गायन. उपदेश. बालवर्ग. आजाऱ्यांच्या भेटी.
सगळ्यात खाली, इतर, आणि एक रेघ.

शेवंताबाई तोरणेंनी घडी घालून
तो चष्म्याच्या डबीत ठेवला,
कोराच.
बत्तीस वर्षं जालन्यात, बियाण्याच्या कंपनीत,
भेंडी, मिरची, सरकी निवडलेली बाई.
"मला काय येतंय बाबा?
पोचट दाना तेवढा कळतो."

डोळ्यांनी नाही, अंगठ्यानं.
वरून तुकतुकीत, आत नुसती हवा,
असा दाणा बोटाखाली आला की
खालच्या टोपलीत.
त्याच्याकडे परत कुणी बघायचं नाही.

मी तेव्हा पेटी वाजवणं सोडलेलं.
उजव्या हाताची दोन बोटं
रोलिंग मिलमध्ये राहिली.
तरी दर रविवारी यायचो, शर्टाला कडक इस्त्री.
"बरंय ना, योनाथान?"
"देवाची कृपा."
सगळ्यांना पटायचं.
पेटी खिडकीपाशी, हिरव्या कापडाखाली,
भात्याची एक कड उंदरांनी खाल्लेली.

एकदा मंदिराच्या दारात
शेवंताबाईंनी माझा हात धरला, तोच, अपुरा.
अंगठा फिरवला.
काही बोलल्या नाहीत.

सोमवारी पाळी सुटल्यावर घरी आल्या,
भोकरदन नाक्यापासून चालत.
बायकोनं निवडायला घेतलेली ज्वारी
स्वतःपुढे ओढली, मांडी घातली.
खडे काढत बसल्या नऊपर्यंत.
पुढच्या सोमवारी पुन्हा.
वचन नाही, प्रार्थना नाही,
मिठाचा भाव, जावयाची बदली, असलं काहीबाही.

चौथ्या सोमवारी मी रडलो,
लहान पोर रडतं तसा, नाक गळेस्तोवर.
"हां," त्या म्हणाल्या,
सुपातून मान वर न करता.

आता भाता उजव्या पंजानं, सूर डाव्या बोटांनी.
सगळं उलटं.
वरच्या सप्तकात अजून घसरतो,
मंडळी सांभाळून घेते.

आपण निवडलेले लोक, असं पाळकसाहेब म्हणतात
तेव्हा माझी नजर आपोआप
शेवटच्या बाकाकडे जाते.

परवा स्तोत्राचा आकडा दिसेना,
म्हणून त्यांचा चष्मा मागितला.
डबीत तो कागद होता.
इतरपुढच्या रेघेवर, शिसपेन्सिलीनं,
वाकडी अक्षरं:

सोमवार मकासऱ्याची सून.
गुरुवार पाळकसाहेब.