ऑय म्हणजे ऊस

ग्रेट यारमथला हिवाळ्यात समुद्र सोडून सगळं बंद असतं.
खेळांच्या दुकानांवर पत्रे उतरलेले,
आणि बाजाराच्या टोकाला
दूध, सिगारेटी, लॉटरीची तिकिटं यांच्या मागे माझी काच.
काचेत बशीएवढं भोक.
त्यातून मी लोकांचे पैसे त्यांच्या गावी धाडते.

ती शुक्रवारी यायची, अकराच्या सुमाराला,
केस ओले, मोज्यांवाचून सपाता,
नोटांवरची तोंडं एका दिशेला लावून आणलेली.
पासपोर्टात रुंगनापा.
घरात ऑय.
ऑय म्हणजे ऊस, ती म्हणाली.
मी म्हटलं, माझं माहेर उसातलंच, कृष्णाकाठचं.
तर हसून म्हणाली, इथं रस्त्यात कुणीही कुणालाही ओरडतं,
ऑय! ऑय!
पहिलं वर्षभर मी दर वेळी वळून बघायचे.

गाव रोई एटच्या पलीकडं.
भात एकदाच, तोही आला तर.
उन्हाळ्यात रानावर मीठ फुलतं, पांढरं, दाट.
तिच्या पैशातून आधी पत्रा आला, मग भिंती, मग निळी कौलं.
भाऊ एक पावसाळा चीवर घालून विहारात बसला,
आईच्या दुधाचं फिटलं.
मुलींना चीवर मिळत नाही.
मुलींनी महिन्याच्या महिन्याला फेडायचं.
किती उरलं, ते कुणी सांगत नाही.

आमच्यात याला पांग फेडणं म्हणतात, मी म्हणाले.
तिनं शब्द तोंडात घोळवून पाहिला.
श्वास जरा जास्त सुटला, की आमच्यात याचा अर्थ
कोसळलं, असं म्हणाली.
आणि पावती घडी घालून सपातेत ठेवली.

सिरिपॉर्नबाई बँकॉकच्या, नवरा इथला दंतवैद्य.
भाचीच्या फीचे पैसे धाडताना
भोकाशी वाकून हळूच म्हणाल्या,
आम्ही सगळ्या तशा नसतो हं.
मी मान हलवली.
ती मान मी कुठून आणली ते मला ठाऊक आहे.

त्यांच्या नववर्षाला चर्चचा हॉल भाड्यानं घेतला होता.
ऑयनं केलेल्या मासळीवरचं झाकण
संध्याकाळपर्यंत कुणी उचललं नाही.
भन्तेंपुढचं तिचं पाकीट मात्र
कुणी बाजूला सारलं नाही.
गावीही तसंच.
विहाराच्या नव्या भिंतीवर तिचं नाव सोनेरी अक्षरांत,
आणि बायका त्याच भिंतीला टेकून
तिच्याविषयी बोलतात.

आईनं कधी विचारलं, काय काम करतेस?
कधीच नाही.
जेवलीस का, विचारते. थंडी आहे का, विचारते.
कौलं निळी की हिरवी, ते तीनदा विचारलं.
आणि विचारलं असतं तर?
तर मला सांगावं लागलं असतं, ऑय म्हणाली.
आई हुशार आहे.

एकदा रक्कम फार मोठी होती.
भावाला गाडी हवी होती, भाड्यानं चालवायला.
ऊस गोड लागला म्हणून, मी सुरुवात केली
आणि थांबले.
मग? तिनं विचारलं.
मग काही नाही. इथं सही कर.

हे सांगायचं राहिलं.
ती गेली की मी काच पुसायचे,
तिचा हात टेकलेला तेवढा भाग,
फवारा मारून, दोनदा.
सगळ्यांच्या मागून मी पुसत नाही.

फेब्रुवारीनंतर ती आलीच नाही.
नॉरिचला गेली, कुणी म्हणालं. कुणी म्हणालं, परत.
सिरिपॉर्नबाई म्हणाल्या, कोण?

काल दुकान बंद करून निघाले,
वारा समोरून, डोळ्यांत वाळू.
पलीकडच्या पदपथावरून एक पोरगा
आपल्या दोस्ताला ओरडला,
ऑय!
मी वळून पाहिलं.