तिसरा ओहळ

बेटावरच्या चर्चमध्ये ऑर्गनच्या अकरा नळ्या बेसूर झालेल्या
आणि रविवारी पाद्र्याच्या नातीचं नामकरण.
बोट दुरुस्तीला ओढलेली.
म्हणून मी हत्यारांची पिशवी पाठीला लावून
शनिवारी सकाळी बांधावर, टोम्के हार्म्सच्या दाराशी.

तिने आधी माझे बूट पाहिले. मग आभाळ.
मग भिंतीवरचं कोष्टक, चष्मा कपाळावर सरकवून.
"ओहोटीचा तळ अकरा वीसला.
हे छापलेलं. छापणाऱ्याला वारा ठाऊक नसतो."

शेजारणीच्या दोरीवर शर्टांच्या बाह्या
जमिनीकडे हात करून फडफडत होत्या.
वारा वायव्येचा, फार नाही,
पण निघालेल्या पाहुण्याला उंबऱ्यात अडवून
बोलत राहणाऱ्या यजमानासारखा,
पाण्याला परत जाऊ न देणारा.
"जाऊन बघू," ती म्हणाली. "बघू म्हणजे बघूच."

पहिला ओहळ पोटरीभर.
दुसरा गुडघाभर, थंडगार, तळाशी शिंपल्यांची धार.
तिच्या काठीवर पाच खाचा होत्या.
सगळ्यात वरची कुणाच्या मापाची
हे मी विचारलं. तिने सांगितलं नाही.

तिसऱ्यापाशी तिने काठी पाण्याच्या कडेला रोवली
आणि घड्याळ काढलं.
दहा मिनिटं.
पलीकडे चर्चचा मनोरा, खिडक्या मोजता येतील इतका.
मी मोजल्याही. सात.
पाणी अजून दोन बोटं उतरायला हवं होतं.
ते काठीला टेकून नुसतं उभं.

"तुझे कान तयार असतील," ती म्हणाली, "ऐक."
मी ऐकलं. गाळ बोलत होता.
इवल्या जिवांची लाख तोंडं उघडत-मिटत,
विझत्या निखाऱ्यांसारखी बारीक तडतड, चहूकडे.
मग पश्चिमेकडून ती थांबत आली.
भात्यातली हवा काढून घ्यावी
तसा एकेक पट्टा मुका होत
आमच्या पायांपर्यंत.

"चल."
"पुढे?"
ती केव्हाच वळलेली.

मी भांडलो. अगदी तावातावाने.
इतकं जवळ, अर्ध्या तासाची वाट,
आणि शेवटी, जे बोलायला नको होतं तेही:
तुम्ही म्हाताऱ्या झालात म्हणून.
ती चालत राहिली. पिशवी माझ्याकडून घेतली
आणि डोक्यावर ठेवली.
कशाला, ते दुसऱ्या ओहळापाशी कळलं.
जाताना गुडघाभर होता.
आता मांडीच्या वर, आणि ओढ घेत होता.
समुद्र समोरून येतो असं मी समजत होतो.
तो वळसा घालून आधी
तुमच्या आणि घराच्या मध्ये येऊन बसतो.

बांधावर तिने काळा पाव कापला, कांदा फोडला.
आमची पावलं एकेक करून बुजली.
त्या दिवशी काहीच घडलं नाही.
नामकरण ऑर्गनशिवाय झालं; लोक म्हणाले,
पाद्री सूर सोडून गायला, पण मनापासून.

पाव खाऊन झाल्यावर तिने वही उघडली, लिहिलं:
शनिवार. दोन माणसं. तिसऱ्यापासून परत.
मी मागची पानं चाळली.
परत. पोचले. पहिल्यापासून परत, धुकं. पोचले. परत.
त्याआधीची पानं दुसऱ्या हाताची,
मोठं, तिरकं, उतावळं अक्षर.
त्या अक्षरातली शेवटची ओळ:
निघालो, नऊ दहा.
पुढे कोरं.
तिने वही माझ्या हातातून काढून घेतली,
ओढली नाही, नुसती काढून घेतली,
आणि कांद्याची सालं गोळा करू लागली.

मंगळवारी वारा पूर्वेचा झाला.
ओहोटी दोनच्या सुमारास, तिसरा ओहळ जेमतेम घोट्याएवढा,
पोरंही उड्या मारत गेली असती.
तरी तिने काठी रोवली, घड्याळ काढलं.
मी पिशवी पाठीवरच ठेवून उभा राहिलो.
दहा मिनिटं.
गाळ तडतडत होता.