सातवा मणी

असोळण्याच्या इगर्जीमागची खोली.
पूर्वी इथे मेणबत्त्यांचे खोके असायचे, वास अजून गेलेला नाही.
आता दोन खुर्च्या, एक पंखा, कागदी रुमालांचा डबा,
आणि भिंतीवर जो आधीपासून होता, तो.
मी फोंड्याची. त्याला काढा म्हणाले नाही,
नमस्कारही केला नाही. आम्ही एकमेकांकडे
कामापुरतं बघतो.

एर्मेलिंदा बुधवारी माझ्याकडे येते,
शनिवारी कुमसाराला जाते.
एकतीस वर्षं, एकच पाप:
पाचव्या महिन्यात मळमळलं, तोंडातला ओस्त
रुमालात थुंकला, रुमाल चुलीत टाकला.
क्षमा मिळते. सोमवार दुपारपर्यंत टिकते.
मग पुन्हा जळक्या कापडाचा वास.

मी विचारलं, भीती किती? शून्य ते दहा.
ती कागदाकडे बघत राहिली,
मग पर्समधून तेर्साची माळ काढली,
दहा मणी बोटांवर घेतले
आणि सातव्यावर अंगठा दाबला.
तेव्हापासून माझ्या फायलीत मणीच लिहिलेत.

माझ्या पुस्तकात तिच्या दुखण्याला नाव आहे,
वीसदा हात धुणाऱ्यांच्याच पानावर.
कुमसार हा तिचा साबण.
पण हे फादर सालुस्तियानना कसं सांगू?
तिचं बोलणं माझ्या कपाटात कुलूपबंद,
आणि जाळीतून त्यांनी ऐकलेलं
त्यांच्याबरोबरच मातीत जाणार.
आम्ही व्हरांड्यात चहा पितो, उंड्यांच्या भावावर बोलतो,
दोघांच्या खिशात एकाच घराच्या किल्ल्या.

एकदा तेच म्हणाले, कपात बघत,
"मिळालेली क्षमा जो पुन्हा मागतो
त्याचा ती देणाऱ्यावर विश्वास नसतो.
पण विश्वास हुकूम देऊन येतो का, बाई?"
मी म्हटलं, नाही. सवयीने येतो. हात न धुता बसून.
कुणाबद्दल, ते कुणीच विचारलं नाही.

मग निरोप तिलाच नेऊ दिला:
फादरना सांग, हे पाप पुन्हा ऐकू नका.
बुधवारी उत्तर घेऊन आली. "म्हणाले,
देव जे विसरला त्याची त्याला आठवण करून देणारा मी कोण?"
त्या शनिवारी नववा मणी.
इगर्जीच्या पायरीवर घामाने भिजून बसली होती.
माझ्यावर चिडली:
"तुम्ही निदान नदीत बुडी तरी मारता,
मला काहीच करू देत नाही!"

सातव्या बुधवारी, मी काही न विचारता,
"मुलगा होता," म्हणाली.
सहाव्या महिन्यात. रडलाच नाही.
बाप्तिस्मा नाही, म्हणून सिमितेरीत जागा नाही.
सांतानने बिस्किटांच्या डब्यातून नेला,
परसातल्या बिंबलीखाली पुरला,
आणि मंगळवारी तारवावर चढला.
नाव कुणी ठेवलं नाही.
"ते पाप सोडलं,
तर तो राहणार कुठे?"

शोकाच्या टप्प्यांचा तक्ता ड्रॉवरमध्ये होता.
मी ड्रॉवर उघडला नाही.
भिंतीकडे पाहिलं, कामापुरतं नाही.
त्याचीही आई खाली उभी होती म्हणतात,
काही करता न येता.

पुढचं मी फक्त तिच्या तोंडून ऐकलं.
मेलेल्यांच्या दिवशी फादर परसात आले,
साध्या चपला, हातात एक मेणबत्ती.
पुस्तक उघडलं, परत मिटलं.
नाव काय, एवढंच विचारलं.
तिच्याकडे तयार होतं, एकतीस वर्षं:
इनास.
आमेन म्हणताना त्यांच्या डोक्यावर बिंबल पडलं,
आणि ती हसली. हसल्याची भीती मात्र
रात्री आठव्या मण्यापर्यंत.

पहिल्या दिवशीच्या फॉर्मवर मी लिहिलं होतं, अपत्ये: नाहीत.
ते खोडून तिच्यासमोर लिहिलं, एक.

आज सहावा. मागच्या बुधवारी चौथा होता.
कुमसाराला जाते अजून, शेजारणीशी भांडल्याचं सांगते,
जाताना दारात एकदा थबकते.
आज टेबलावर पिशवी ठेवून गेली.
झाड यंदा थांबतच नाही, म्हणाली,
तुम्ही लोणच्यात घालता ना?
पंख्याच्या वाऱ्याने पिशवी फडफडतेय,
खोलीत पहिल्यांदाच
मेणाऐवजी आंबट वास.