आळ

आमच्या ह्वेरागेर्दीत जमीनच वारा सोडते.
शाळेमागे, बँकेच्या कुंपणाशी, दफनभूमीच्या खालच्या उतारावर
कुठूनही वाफ निघते,
आणि सडक्या अंड्याचा वास
न्हाणीघरातल्या गरम पाण्यालासुद्धा असतो.
पाहुणे नाक धरतात.
आम्हाला तो बाहेरगावाहून परतल्यावर दोन मिनिटं येतो,
मग घर होऊन जातो.

असल्या गावात केटिलने साठीनंतर वजनं उचलायला घेतली.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, मांड्या आटताहेत तुमच्या,
प्रथिनं वाढवा.
केटिलला थोडं काही करताच येत नाही.
सकाळी सहा अंडी, वर स्कीर, वाटीभर नव्हे, डबाभर,
दुपारी दगडावर ठेचलेला सुका मासा,
संध्याकाळी ती पांढरी पूड दुधात घुसळून,
आणि रात्री, मी झोपले असं समजून, चॉकलेटची एक वडी
जिच्यात साखर नाही,
साखरेचा कुणी लांबचा चुलतभाऊ आहे.

तिसऱ्या आठवड्यात त्याचं पोट बोलायला लागलं.
आधी लांबून, शेजारी कुणी जड कपाट सरकवावं तसं.
मग जवळून.
मग स्नोत्राने त्याच्या पायाशी झोपायचं सोडलं,
अकरा वर्षांची सवय, एका रात्रीत.
कुत्र्याला भीड नसते.

मी काकड्यांच्या काचघरात काम करते.
खत जास्त झालं की मुळं ते घेत नाहीत,
उरलेलं खाली कुजतं, हे माझ्या हातांना ठाऊक आहे.
त्याला म्हटलं, तुझंही तसंच,
वरच्या मजल्यावर जे पचलं नाही
ते तळघरातल्या भाडेकरूंना मिळतं,
आणि ते रात्रभर पंगती उठवतात.
तो म्हणाला, "डोंगराचा आहे हा वास. वारा फिरलाय."
वारा रोज फिरायचा.
मी फिरू दिला.
चौतीस वर्षांच्या संसारात
एवढं तरी माणसाला जमिनीवर ढकलू द्यावं.

मग ऑगस्टात आकुरेरी, साठीपुढच्यांची स्पर्धा.
उत्तरेचं नीटनेटकं शहर, समुद्रावरून येणारी
धुतलेल्या काचेसारखी हवा.
कसलाच वास नाही.
खोलीच्या खिडकीत उभी राहिले आणि पोटात गोळा आला,
माझ्या.

हॉटेलची लिफ्ट. आत तो, मी,
बिल्ला लावलेले पंच ह्याल्मटीर, मान अत्यंत सरळ,
आणि पोहून आलेली सात-आठ वर्षांची मुलगी, ओल्या केसांची.
दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मध्ये ते झालं.
आवाज नाही.
आवाज असता तर हसून तरी घेतलं असतं.
मुलीने पंचांकडे पाहिलं, पंचांनी छताकडे.
केटिल बुटांकडे पाहत होता आणि त्याचे कान,
एकशे चाळीस किलो उचलतानाही होत नाहीत
इतके लाल.
तिथे ना डोंगर, ना झरा.

"माफ करा," मी म्हणाले, "माझा. सकाळचा कोबी."
कोबी मी खाल्लाच नव्हता.
"होतं असं," पंच म्हणाले.
"पण हा खूपच आहे," मुलगी म्हणाली.
चौथा मजला त्या दिवशी फार उंचावर होता.

खोलीत तो पलंगावर बसून
कितीतरी वेळ एकाच बुटाची नाडी सोडत राहिला.
"कोबी?" त्याने विचारलं.
आणि हसायला लागला, पलंग करकरला,
आणि हसता हसता आणखी एक, या वेळी दणक्यात.
मी काही बोलायच्या आत तो म्हणाला,
"माझा."
"ऐकलं मी."

स्पर्धेत तो तिसरा आला. तिघेच होते.

आता दोन अंडी, थोडे ओट्स, वाटाणे बेताने,
जेवणानंतर नदीपर्यंत चालणं, कुरकुरत.
वडीचं खोकं मी काचघराच्या कुजखतात ओतलं,
तिथेही ते अजून कुणी खाल्लेलं नाही.

स्नोत्रा परत आली आहे.
पायाशी नाही अजून.
दाराच्या फटीशी निजते,
जिथे दोन्हीकडची हवा लागते.